हातच्याची वजाबाकी, एक वर्ग आणि चार पातळ्या: बहुस्तरीय वर्गात शिकवायचं कसं?

नवा_खडू (धागाकर्ती)

द्विशिक्षकी शाळा आहे. तिसरी-चौथी एकत्र, पट ३४. जुलैत प्रत्येक मुलाला वेगळं बसवून गणिताची पडताळणी केली. चित्र असं दिसलं:

९९ पर्यंतच्या संख्या वाचताना अडखळतात: ६
बिनहातच्याची वजाबाकी येते, हातच्याची येत नाही: ११
दोन अंकी हातच्याची येते: १२
तीन अंकी वजाबाकी आणि एक अंकी भागाकारही येतो: ५

हे इयत्तेप्रमाणे पडलेलं नाही. पहिल्या सहांत चौथीची दोन मुलं आहेत आणि शेवटच्या पाचांत तिसरीची एक मुलगी. गणिताला रोज ४५ मिनिटं मिळतात. माझे तीन प्रश्न आहेत. गट पाडायचे तर कशावरून? एका गटाजवळ बसलं तर बाकीच्या २०-२५ मुलांनी काय करायचं? आणि पाठ्यपुस्तक पुढे कसं न्यायचं? अनुभवकथा नकोत, नेमकं काय करायचं ते सांगा, ही विनंती.

---

दशक_सुटे

पडताळणी चांगली केली आहे. पण 'हातच्याची येत नाही' हे ११ मुलांचं एकच दुखणं समजू नका. त्यात निदान तीन वेगवेगळी दुखणी असतील आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

५३ − २७ हे उदाहरण द्या आणि उत्तर बघा.

३४ आलं, तर मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतं. ३ मधून ७ जात नाहीत, म्हणून ७ मधून ३ काढले. याला वजाबाकी म्हणजे संख्येतून संख्या काढणं हे कळलेलं नाही, फक्त अंकांची उठाठेव कळली आहे.

३६ आलं, तर दशक मोकळा करून १३ केले, ७ काढले, पण दशकाच्या घरात ५ चे ४ करायचे राहिले. याला रीत अर्धी येते. अर्थ कदाचित येत असेल, कदाचित नसेल.

२६ आलं, पण बोटं मोजून ५३ पासून २७ वेळा मागे येऊन. उत्तर बरोबर, पण ४०२ − १५७ आलं की मूल बुडतं.

इथे एक खाचखळगा आहे. बरेच जण तपासणीला ५२ − २७ देतात. त्यात दोन्ही चुकांचं उत्तर ३५ येतं! ७ मधून २ काढले तरी ५, १२ मधून ७ काढले तरी ५. त्यामुळे कोणती चूक ते कळतच नाही. एककाच्या दोन अंकांत ५ चा फरक असला की असं होणारच. फरक ४, ६ किंवा ७ ठेवा, म्हणजे चुकीचं उत्तरच तुम्हाला चूक सांगेल.

दुसरी गोष्ट, उदाहरण तोंडी सांगून लिहायला लावू नका. 'त्रेपन्न वजा सत्तावीस' ऐकून मूल ३५ − ७२ लिहील, कारण मराठीत एकक आधी ऐकू येतो. ती श्रुतलेखनाची चूक आहे, तुम्ही तिला वजाबाकीच्या खात्यात टाकाल. फळ्यावर लिहून द्या. संख्या ऐकून लिहिण्याची तपासणी वेगळी करा.

---

काड्या_गठ्ठे

वरच्याला पूर्ण अनुमोदन. ३४ वाले आणि ३६ वाले दोघेही पहिले आठ दिवस काड्यांवर हवेत, पण कामाचा भर वेगळा.

साहित्य: खराट्याच्या किंवा तुरीच्या सारख्या लांबीच्या काड्या, रबरं. जोडीला ९ गठ्ठे (प्रत्येकी १० काड्यांचे) आणि २० सुट्या, म्हणजे ११० काड्या. आठ जोड्यांना ८८०. काड्या मोजणं आणि गठ्ठे बांधणं मुलांकडूनच करून घ्या, तोच सहा मुलांच्या गटाचा पहिला आठवडा आहे.

चिंचोके किंवा खडे इथे चालत नाहीत. १० चिंचोके पिशवीत घातले की आतले दहा दिसत नाहीत. काड्यांचा गठ्ठा बांधला तरी दहा काड्या डोळ्यांपुढे राहतात. खेळातल्या दहाच्या नोटा त्यानंतर, कारण नोटेत दहा रुपये दिसत नाहीत, मानावे लागतात.

कृती अशी. ५३ मांडा: ५ गठ्ठे, ३ सुट्या. २७ काढायच्या आहेत. सुट्या ७ हव्यात, आहेत ३. इथे थांबा. गठ्ठा सोडायला तुम्ही सांगू नका, मुलालाच सुचू द्या, दोन मिनिटं गेली तरी चालतील. रबर काढलं की ४ गठ्ठे, १३ सुट्या. आता विचारा: 'एकूण काड्या किती?' हा प्रश्न कुणीही गाळू नये. पुष्कळ मुलं 'वाढल्या' म्हणतात, काही 'चारशे तेरा' म्हणतात, काही पुन्हा एकेक मोजायला बसतात. ५३ च आहेत हे मूल न मोजता म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. मग ७ सुट्या काढा, २ गठ्ठे काढा. उरल्या २६.

पहिले दोन दिवस लेखन नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जोडीतला एक काड्या हलवतो आणि दुसरा त्याच क्षणी वहीत तेवढंच लिहितो: रबर सुटलं की लगेच ५ वर काट मारून ४. मग अदलाबदल. आधी सगळ्या काड्या हलवून नंतर उदाहरण लिहायला घेतलं, तर काड्या आणि अंक यांचा सांधा जुळत नाही. साहित्य वापरूनही फरक पडला नाही अशी तक्रार असते, तिथे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. पाचव्या-सहाव्या दिवशी काड्यांऐवजी चित्र: दशकाला उभी रेघ, एककाला टिंब. सोडलेल्या रेघेवर काट मारून शेजारी १० टिंबं. त्यानंतर नुसते अंक, पण काड्या हाताशी राहू द्या. लागल्या तर घ्याव्यात, मागाव्या लागू नयेत.

शब्दांबद्दल थोडं. बेरजेत 'हातचा आला' म्हणतो आणि वजाबाकीतही 'हातचा घेतला' म्हणतो. मुलं दोन्हींत वर १ मांडतात. 'उसना घेतला' म्हटलं तर एखादं मूल विचारतं, परत कधी द्यायचा? आणि ते बरोबरच विचारतं. 'दशक मोकळा केला' म्हणा. जे हाताने केलं तेच तोंडाने म्हटलं जातं.

---

डोंगरशाळा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण योजना तिथेच कोसळते.

४५ मिनिटांचे तुकडे: ८ मिनिटं सगळे एकत्र, १५-१५ मिनिटांच्या दोन फेऱ्या, शेवटची ७ पुन्हा एकत्र. सोमवार ते शुक्रवार मिळून १० फेऱ्या होतात. सहांच्या गटाला ५, अकरांच्या गटाला ३, वरच्या दोन पातळ्यांना मिळून २. समान वाटणी करू नका. वरच्या पाचांना रोज शिक्षक लागत नाही, खालच्या सहांना लागतो.

ज्या गटाजवळ तुम्ही नाही, त्याच्यासाठी माझ्या मते सगळ्यात मोठा नियम: नवीन शिकवलेलं काम स्वतंत्र गटाला कधीच द्यायचं नाही. स्वतंत्र काम म्हणजे गेल्या आठवड्यात जमलेल्याचा सराव. नवीन दिलं, तर पाचव्या मिनिटाला रांग तुमच्यापुढे उभी.

कार्डं करा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू पोस्टकार्डाएवढ्या कापा. पुढे एक उदाहरण, मागे उत्तर. एका पातळीला ४० कार्डं पुरतात. मुलाने सोडवायचं, उलटून बघायचं, बरोबर असेल तर उजव्या ढिगात, चूक असेल तर डाव्या. तास संपताना तुम्ही फक्त डावा ढीग बघायचा. ३४ वह्या तपासण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

अडलं तर काय, तेही भिंतीवर लावा आणि पहिला आठवडा फक्त त्याचा सराव घ्या: आधी काड्या घे, मग जोडीदाराला विचार, मग कार्ड बाजूला ठेवून पुढचं घे. गुरुजींकडे यायचं नाही. सुरुवातीला हे मोडलं जातं, कारण आपणच 'काय रे?' म्हणून वळतो.

---

नवा_खडू

खूप उपयोगी. दोन शंका. सहा जणांचा गट रोज माझ्याजवळ बसला, तर बाकीची मुलं त्यांना काय म्हणतील ते आठ दिवसांत कळेलच. गटांना फुलांची नावं दिली तरी मुलं ओळखतात. आणि वरच्या पाचांना नेमकं काय द्यायचं? पुढच्या इयत्तेचं पुस्तक द्यावं का?

---

गणितकट्टा

पुढचं पुस्तक नको. पुढल्या वर्षी ती मुलं वर्गात कंटाळतील, एवढंच त्यातून साधतं. त्यांना दिवसभर 'छोटे गुरुजी'ही करू नका. आठवड्यातून एखादी फेरी ठीक, त्याहून जास्त झालं तर त्यांचं शिकणं थांबतं आणि दुसऱ्याला आयतं उत्तर मिळतं.

दोन्ही शंकांना एकच उत्तर सुचवतो: आठवड्यातून दोन दिवस सगळ्या वर्गाला एकच काम द्या, पण आत शिरायचं दार ज्याचं त्याला. वजाबाकीसाठी आपल्या मातीतलंच काम हाताशी आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची संख्यांची कृती. जगाला ६१७४ माहीत आहे, चार अंकी प्रकार त्या संख्येवर येऊन थांबतो. प्राथमिकला तीन आणि दोन अंकी घ्यायचा.

तीन अंकी: कुठलेही तीन अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा. आलेल्या उत्तराचे अंक घेऊन पुन्हा तेच. ३, ५, २ घेतले तर:

५३२ − २३५ = २९७
९७२ − २७९ = ६९३
९६३ − ३६९ = ५९४
९५४ − ४५९ = ४९५
आणि पुढे ४९५ च येत राहतं.

दोन अंकी: ५३ − ३५ = १८, ८१ − १८ = ६३, ६३ − ३६ = २७, ७२ − २७ = ४५, ५४ − ४५ = ९, ९० − ०९ = ८१, आणि पुन्हा ६३. इथे एका संख्येवर थांबत नाही, गोल फिरत राहतं. ९ आले की ०९ लिहायचं, नाहीतर कृती मोडते. तीन अंकीत ९९ आले तर ०९९.

यात तीन सोयी आहेत. एक, प्रत्येक वजाबाकी हातच्याचीच असते, कारण वरच्या संख्येचा एकक नेहमी सगळ्यात लहान अंक असतो. दोन, उत्तर स्वतः तपासता येतं: दोन अंकी उत्तराच्या अंकांची बेरीज नेहमी ९. तीन अंकी उत्तरात मधला अंक नेहमी ९ आणि कडेच्या दोघांची बेरीज ९. म्हणजे शिक्षक जवळ नसला तरी चूक लपत नाही. तीन, पातळ्या आपोआप पडतात. अकरांचा गट दोन अंकी, काड्या घेऊन. बारांचा गट दोन अंकीतून तीन अंकीत. पाचांना प्रश्न: मधला अंक ९ च का येतो? जास्तीत जास्त किती पायऱ्या लागतात? चार अंक घेतले तर काय होतं?

शेवटच्या ७ मिनिटांत सगळ्यांची उत्तरं फळ्यावर. ज्याने काड्यांवर ६३ पर्यंतच आणलं, त्याची ओळही त्याच फळ्यावर, त्याच साखळीत बसते.

---

दशक_सुटे

कापरेकरांचं काम सुंदर आहे, पण सहांच्या गटाला सध्या देऊ नका. ज्यांच्या डोक्यात अजून ५३ आणि ३५ चा घोळ आहे, त्यांना अंक उलटसुलट करायला लावलं तर घोळ पक्का होतो. त्यांना त्या दिवशी शेजारचं काम द्या: ५३ आणि ३५ दोन्ही काड्यांनी मांडा, जास्त कुठे, किती गठ्ठे जास्त? विषय तोच, कृती वेगळी.

सहांच्या गटाबद्दल आणखी. मराठी संख्यानामांचं ओझं खरं आहे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आणली, तेव्हा केवढा वाद झाला होता. वाद बाजूला ठेवला तरी वर्गात दोन्ही नावं शेजारी ठेवणं फायद्याचं आहे: आधी 'पन्नास तीन', मग लगेच 'त्रेपन्न'. पहिलं नाव काड्यांशी जुळतं, दुसरं बाजारात लागतं. सर्वात अवघड १९, २९, ३९ ही रांग. 'एकोणतीस' मध्ये तीस ऐकू येतं, म्हणून मुलं ३९ लिहितात. एकोण म्हणजे एक कमी, हे ३ गठ्ठ्यांतून एक काडी काढून दाखवा. ही रांग एकोणनव्वदपर्यंत चालते, नव्व्याण्णवला मोडते, हेही सांगून ठेवा.

---

डोंगरशाळा

गट ओळखू येण्याबद्दल. नाव बदलून भागत नाही, गट बदलावे लागतात. वजाबाकीचा गट हा फक्त वजाबाकीचा. आकृत्या आल्या, मोजमाप आलं की नवी वाटणी. हातच्याच्या वजाबाकीत अडणारी मुलं मापनात बरेचदा पुढे असतात, घरी दूध मोजतात, दुकानात बसतात.

नोंद एका पानावर ठेवा. डावीकडे ३४ नावं, वर कौशल्यांचे रकाने. जमत नाही तिथे रिकामं, मदतीने जमतं तिथे एक तिरकी रेघ, एकट्याला जमतं तिथे फुली. शनिवारी पाच उदाहरणं, पंधरा मिनिटं. सलग दोन शनिवारी पाचांपैकी चार बरोबर आली की मूल पुढच्या गटात. एकाच शनिवारवर हलवू नका, परत मागे आणावं लागतं आणि ते मुलाला लागतं. सहा आठवड्यांनी तीच मुलं त्याच गटात बसलेली दिसली, तर मुलांऐवजी आपल्या योजनेकडे बघायचं.

---

वाचनघर

गणिताच्या धाग्यात भाषा आणते, पण शाब्दिक उदाहरणात अडणारी निम्मी मुलं वाचनातच अडलेली असतात.

वाचनाच्या पातळ्या 'प्रथम' या शिक्षणातल्या संस्थेच्या तपासणी-साधनामुळे बहुतेकांना पाठ आहेत: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. तपासताना परिच्छेदापासून सुरू करा. जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. शब्द आणि अक्षरांत पाचांपैकी चार बरोबर हवेत. अक्षरांपासून सुरू केलं तर प्रत्येक मूल दमून परिच्छेदापर्यंत पोचतं.

मग एकाच विषयाचे तीन मजकूर स्वतः लिहा. असे:

पायरी १ (जोडाक्षर नाही): विहीर खोल आहे. विहिरीत कासव आहे. कासव वर आले. मीना खाली वाकली. कासव लपले.

पायरी २ (सोपी जोडाक्षरं): गावाबाहेर एक खोल विहीर आहे. उन्हाळ्यात तिचं पाणी तळाला जातं. तेव्हा दगडावर बसलेलं कासव दिसतं. मीना पाणी भरायला आली, की कासव पटकन पाण्यात शिरतं.

पायरी ३: वर्षभर त्या विहिरीत सूर्यप्रकाश क्वचितच पोचतो. एप्रिलमध्ये पाणी आटलं, की दगडाच्या कपारीतलं कासव बाहेर येऊन उन्हात बसतं. दोराचा आवाज ऐकताच मात्र ते क्षणार्धात दिसेनासं होतं.

प्रश्न तिघांना एकच: कासव का लपलं असेल? चर्चा एकत्र. पायरी १ वाचणारं मूल या प्रश्नाचं उत्तर इतरांइतकंच चांगलं देतं. आकलन आणि अक्षरओळख या दोन वेगळ्या पातळ्या आहेत हे तिथे दिसतं. अक्षरओळख कमी म्हणून विचाराचे प्रश्नही सोपे करणं ही मोठी चूक आहे.

मजकूर लिहिताना बघायचं: पायरी १ मध्ये घ-ध, भ-म, थ-य, ब-व यांपैकी एका जोडीतलं एकच अक्षर येऊ द्या. वरच्या मजकुरात म आहे, भ नाही. व आहे, ब नाही. र ची चार रूपं (सूर्य, प्रकाश, राष्ट्र, दऱ्या) नव्याने शिकवताना एका दिवशी एकच.

आणखी एक. निपुण भारत या केंद्राच्या अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द वाचता यावेत असं लक्ष्य आहे. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, 'कपारीतल्यापेक्षा' हा एकच शब्द, त्यामुळे आपले ६० शब्द लांब असतात. शब्दपातळीवरच्या मुलापुढे घड्याळ लावू नका. ते अंदाजाने शब्द फेकायला शिकतं आणि ही सवय नंतर सुटत नाही.

---

शहरी_तुकडी

हे सगळं ३४ च्या पटाला ठीक. आमच्याकडे एका तुकडीत ५८ मुलं, बाकं खिळलेली, ३५ मिनिटांचा तास. गट करायला फरशीच नाही. शिवाय प्रत्येक तासाला वेगळे शिक्षक. यात काय शक्य आहे ते सांगा.

---

गणितकट्टा

तिथे बैठक बदलू नका, प्रश्न बदला. 'उत्तर २६ येईल अशा वजाबाक्या लिहा.' कुणी ३० − ४ लिहील, कुणी ५३ − २७, कुणी ४०० − ३७४. एकच फळा, एकच सूचना, ५८ उत्तरं. पाच मिनिटं झाल्यावर वाढवा: 'आता हातच्याची लिहा', 'आता पहिली संख्या तीन अंकी हवी'. कोण कुठे थांबलं ते वहीच सांगते.

दुसरं, पानावर दहा उदाहरणं चढत्या काठिण्याने लिहा आणि सूचना द्या: पाचव्यापासून सुरू कर, अडलं तर चौथ्याकडे ये, सोपं वाटलं तर आठव्यावर जा. किमान चार करायची. मुलं स्वतःची पातळी बऱ्यापैकी नेमकी निवडतात. पहिल्या आठवड्यात काही जण सोपंच धरून बसतात, त्यांच्या वहीवर पुढच्या दिवशीच्या सुरुवातीचा क्रमांक तुम्ही लिहून द्या.

तिसरं, चूक शोधा: फळ्यावर ४०२ − १५७ = २५५. कुठे चुकलं? ४०२ मध्ये शतक मोकळं केलं, दहा दशक झाले, पण त्यांतला एक एककाला दिल्यावर ९ उरतात हे विसरलं. बरोबर उत्तर २४५. आधी जोडीत दोन मिनिटं बोलू द्या, मग हात वर. खिळलेल्या बाकावरही जोडी असतेच.

---

समावेशक

विशेष गरजा असलेल्या मुलांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. पण सात वर्षांच्या मुलाने ध चा घ केला म्हणून तो शिक्का मारू नका. त्या वयात ते होतं. साधारण आठव्या वर्षानंतर, नीट शिकवूनही अडचण तशीच राहिली, तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना कळवा, पुढचं मूल्यमापन तज्ज्ञ करतील. त्यांना देण्यासाठी कोणत्या अक्षरात, किती वेळा, कोणत्या कामात चुकतं याची दोन महिन्यांची नोंद हवी. 'वाचता येत नाही' एवढ्या शेऱ्याने काही होत नाही.

तोवर वर्गात करण्यासारखं: फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावू नका, उदाहरण कागदावर द्या. चौकटीची वही द्या, एका चौकटीत एक अंक, म्हणजे दशक-एकक सरकत नाहीत. दहाऐवजी चार उदाहरणं, पण तीच. एका पानावर दोनच. उत्तर तोंडी घ्या. आकारिक मूल्यमापनात तोंडीकाम आणि प्रात्यक्षिक ही साधनं आहेतच, ती वापरा.

कमी ऐकू येणाऱ्या मुलासमोर बोलताना खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका, प्रकाश मागून आला की तुमचे ओठ दिसत नाहीत. फळ्यावर लिहिता लिहिता बोलू नका. कमी दिसणाऱ्या मुलासाठी कार्डावर काळ्या जाड पेनाने बोटभर उंचीचे अंक, चकचकीत कागद नको.

---

ऊसपट्टा

आमच्या भागात दिवाळीच्या आगेमागे मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. स्थलांतर करणाऱ्या मुलासोबत जे शिक्षण हमी कार्ड देतात, त्यावर इयत्ता आणि हजेरी असते, त्यासोबत पातळीही लिहा: 'दोन अंकी हातच्याची वजाबाकी काड्यांवर जमते, अंकांत नाही. वाचन: शब्द.' जिथे मूल जाईल तिथल्या शिक्षकाला एवढं वाचून दुसऱ्या दिवशी सुरुवात करता येते. परतल्यावर जुन्या गटात बसवू नका, पुन्हा पडताळणी करा. पाच मिनिटांचं काम आहे. काही मुलं मागे आलेली असतात, काही कारखान्याच्या काट्यावरची पावती वाचून संख्यांत पुढे गेलेली असतात.

---

दशक_सुटे

तिसरा प्रश्न राहिला, पाठ्यपुस्तकाचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी आहेत: अभ्यासक्रम ठरल्या वेळेत पुरा करणं आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून लागेल ते जादा शिकवणं. तपासणीला कुणी आलं आणि पुस्तक मागे का विचारलं, तर दुसरा भाग तुमच्या बाजूने आहे. तरी पुस्तक सोडू नका. सुरुवातीची ८ मिनिटं पुस्तकाची ठेवा, त्या दिवशीची संकल्पना सगळ्यांसमोर येऊ द्या. सहांच्या गटालाही तीन अंकी वजाबाकी ऐकू दे. ऐकलेलं नसेल, तर दोन महिन्यांनी तिथे पोचल्यावर सगळंच परकं वाटतं.

---

नवा_खडू

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारपासूनचा आराखडा असा केला आहे: पहिले चार दिवस ५३ − २७, ६१ − ३५, ८४ − ४८ देऊन अकरांच्या चुका वेगळ्या करणं. त्याच वेळी सहांचा गट गठ्ठे बांधेल. बारांसाठी ४० कार्डं. पाचांना कापरेकर. वाचनाचे तीन मजकूर दुसऱ्या आठवड्यात. यात काही खटकतं का?

---

दशक_सुटे

८४ − ४८ काढून टाका. अंकांची अदलाबदल आहे, संख्या उलट वाचणाऱ्या मुलाची चूक त्यात मिसळेल. ६१ − ३५ ठेवा: लहान-मोठं करणाऱ्याचं ३४ येईल, दशक कमी करायला विसरणाऱ्याचं ३६, बरोबर २६. पण ५३ − २७ चीही तीनही उत्तरं हीच आहेत. शेजारच्याच्या वहीत २६ दिसलं तर दुसऱ्या उदाहरणालाही तेच लिहिलं जाईल. दुसरं ७२ − ३८ घ्या: ४६, ४४, आणि बरोबर ३४.

---

काड्या_गठ्ठे

आणि रबरं शंभरेक जास्त आणा. तुटतात, आणि रबर शोधण्यात फेरी जाते.